मेंदू नव्हे, कारकून



गेल्या काही वर्षांत आपल्या मराठीत एक नवं वाक्य चांगलंच रुळलं आहे. 'सर्व्हर डाऊन आहे.' रेशनच्या दुकानात अंगठा लावायला जा, उताऱ्यासाठी रांगेत उभे राहा किंवा पोराच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला बसा, समोरचा माणूस मान वर न करता हे वाक्य सांगतो. पूर्वी 'साहेब मीटिंगला गेलेत' हे वाक्य जे काम करायचं, तेच काम आता हे करतं. त्यावर वाद घालता येत नाही. साहेब निदान संध्याकाळी दिसायचे तरी. सर्व्हर कुणी पाहिलेला नसतो. आणि खरं सांगायचं तर पुष्कळदा बिचारा सर्व्हर ठणठणीत असतो, रस्त्याच्या कामात जेसीबीनं केबल तोडलेली असते. पण नाव त्याचंच खराब होतं.

मी मंठ्याचा. जालना जिल्ह्यातला हा तालुका, कापूस आणि सोयाबीनचा. मी कविता लिहितो, मराठीत लिहितो, आणि पोटासाठी तिथल्याच एका पतसंस्थेत कारकुनी करतो. शिक्षण बी.ए. पर्यंत. तेव्हा संगणकावर मी बोलावं हे थोडं आगाऊपणाचं आहे, हे मला ठाऊक आहे. पण आमच्या संस्थेच्या सर्व्हरचा प्रोसेसर बदलला त्या रात्री टॉर्च धरून मीच उभा होतो. आणि त्या निमित्तानं जे वाचलं, विचारलं, समजून घेतलं ते एवढं रसाळ निघालं, की कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना.

'सर्व्ह' करणं म्हणजे वाढणं. सर्व्हर म्हणजे पंगतीतला वाढपी. समोर चाळीस पानं मांडलेली आहेत, कुणी भात मागतो, कुणी वरण. सगळ्यांना एकाच वेळी हवं असतं. आमच्या संस्थेत चार काउंटर, दोन शाखा आणि संध्याकाळी घरोघर फिरून आलेले पिग्मी एजंट, हे सगळे एकाच सर्व्हरकडे हात पसरतात. त्या यंत्रात एक चौकोनी चकती असते, काडेपेटीपेक्षा थोडी मोठी. तो प्रोसेसर. बेरीज-वजाबाकी, तुलना, इकडची रक्कम तिकडे नेणं, सगळं तिथं होतं.

सर्व्हरची रचना मोठी सावधपणाची असते. त्याला वीज देणारे संच दोन असतात, एक जळाला तर दुसरा ओझं उचलतो. हिशेब साठवणाऱ्या डिस्का जोडीनं असतात. एक बिघडली तर यंत्र चालू असतानाच ती ओढून काढायची आणि नवी सरकवायची. चालत्या बैलगाडीचं चाक बदलावं तसं. पण प्रोसेसर मात्र आमच्यासारख्यांच्या साध्या सर्व्हरमध्ये असा बदलता येत नाही. त्यासाठी यंत्र थांबवावंच लागतं. नुसतं थांबवून भागत नाही, दोन्ही वायरी काढून, बटण दाबून धरून आत उरलीसुरली वीजसुद्धा घालवून द्यावी लागते.

आमचा सर्व्हर बिघडला नव्हता. थकला होता. प्रोसेसर सहसा मरत नाही म्हणतात, काम वाढतं आणि तो पुरा पडत नाही. सभासद वाढले, खाती वाढली, रोजचा दिवसअखेरचा हिशेब पूर्वी वीस मिनिटांत व्हायचा, त्याला दोन तास लागू लागले. मार्चअखेरच्या व्याजाला तर रात्र पुरेना. नव्या सर्व्हरचं दरपत्रक मागवलं. ते वाचून संचालक मंडळ बराच वेळ काही बोललं नाही. मग माझा भाचा, जो जालन्यात संगणक दुरुस्तीचं दुकान चालवतो, त्यानं सांगितलं की याच सर्व्हरमध्ये याच बैठकीचा दुप्पट ताकदीचा प्रोसेसर बसतो आणि दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्ये तो जुन्या बाजारात काही हजारांत मिळतो. मोठमोठ्या कंपन्या तीन-चार वर्षांनी आपले सर्व्हर काढून टाकतात, त्यांतले सुटे भाग असे तालुक्यापर्यंत झिरपत येतात.

आम्ही फळ्यावर सूचना लिहिली. 'सर्व्हरचा प्रोसेसर बदलण्याच्या कामामुळे सोमवारी व्यवहार अकरानंतर सुरू होतील.' ती वाचून बचत गटाच्या एक मावशी काउंटरवर आल्या. प्रोसेसर म्हंजे काय, म्हणाल्या. आमच्या शिपाई पोरानं उत्साहानं सांगितलं, "मेंदू. कॉम्प्युटरचा मेंदू बदलणार हायेत." मावशींचा चेहरा उतरला. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "भाऊ, मेंदूच काढला तर त्याला आमचे पैसे कसे ध्यानात राहतील? पेरणीचे हायेत ते."

श्रोतेहो, या प्रश्नावर पोरं हसली. मला हसू आलं नाही. जून तोंडावर होता. बियाणं, खत, सगळा पैसा आमच्याकडे होता. आणि पतसंस्था बुडाल्याच्या बातम्या मराठवाड्यात काही कमी ऐकू येत नाहीत. ज्या बाईचे पैसे एका पेटीत आहेत आणि त्या पेटीचा मेंदू काढणार आहेत, तिनं घाबरायचं नाही तर काय करायचं? चूक तिची नाही. चूक त्या 'मेंदू' शब्दाची आहे. पाठ्यपुस्तकापासून जाहिरातीपर्यंत सगळीकडे प्रोसेसरला मेंदू म्हणतात आणि मला तो शब्द मुळीच पटत नाही.

मेंदू आठवण ठेवतो. प्रोसेसर ठेवत नाही. वीज गेली की त्याच्याजवळ काहीही उरत नाही. आठवणी असतात त्या डिस्कवर. प्रोसेसर हा कारकून आहे. समोर खातेवही ठेवली, तीत लिहिल्याप्रमाणे बेरीज केली, वही कपाटात ठेवली आणि संध्याकाळी डोकं रिकामं करून घरी गेला. जुन्या कारकुनाची बदली झाली आणि नवा आला म्हणून वहीतली शिल्लक बदलत नाही. मी मावशींना हेच सांगितलं. मी स्वतःच कारकून असल्यामुळे त्यांना ते पटलं असावं. तरी जाताना त्या पासबुकात नोंद करून घेऊन गेल्या, आणि ते अगदी योग्य केलं.

हाच प्रश्न याच्यापेक्षा कितीतरी मोठ्या पातळीवर आपल्या पुण्यात सुटला आहे, आणि त्याची गोष्ट आपण पुरेशी सांगत नाही. 'परम' महासंगणकाचं नाव आपण ऐकलेलं असतं. 1980 च्या दशकात हवामानाच्या अंदाजासाठी भारताला अमेरिकेच्या क्रे कंपनीचा महासंगणक हवा होता. एक यंत्र दिल्लीला मिळालं, पण त्याहून ताकदीचं यंत्र देण्यात अमेरिकेनं आडकाठी केली. मग 1988 साली पुण्यात सी-डॅक ही संस्था उभी राहिली. प्रमुख डॉ. विजय भटकर. अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा या खेड्यात 1946 साली जन्मलेला माणूस. तीन वर्षं मुदत आणि तीस कोटी रुपये. 1991 साली 'परम 8000' तयार झाला.

पण मला त्या पहिल्या विजयापेक्षा पुढचं वर्ष जास्त ओढ लावतं. परम 8000 मध्ये इंग्लंडच्या इनमॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर नावाचे प्रोसेसर होते. या ट्रान्सप्युटरची खुबी अशी की त्याला चार हात होते, म्हणजे शेजारच्या चार जणांशी थेट बोलण्याच्या चार वाटा. एकटा दुबळा, पण साखळी करायला उत्तम. 64 जणांची साखळी केली आणि महासंगणक झाला. मात्र जग थांबत नाही. वर्षभरातच हे यंत्र अपुरं वाटू लागलं. इनमॉसचा पुढचा प्रोसेसर लांबत चालला होता. इंटेलचा आय-860 हा नवा प्रोसेसर आकडेमोडीत फार पुढे होता, पण त्याला शेजाऱ्यांशी बोलण्याचं ते कसब नव्हतं.

पुण्याच्या लोकांनी काय केलं? जुने काढून फेकले नाहीत. प्रत्येक जागी एक आय-860 बसवला आणि त्याच्याभोवती चार ट्रान्सप्युटर ठेवले. नव्यानं हिशेब करायचा, जुन्यांनी निरोपांची ने-आण करायची. आमच्या मोंढ्यात जसा एक मापाडी काट्यावर उभा असतो आणि चार हमाल पोती वाहतात, हुबेहूब तसं. हा 'परम 8600'. आणि यातली खरी मेख पुढे आहे. परम 8000 साठी लिहिलेले प्रोग्रॅम 8600 वर चालले, कारण दोन्हींवर 'पारस' नावाची एकच व्यवस्था होती. खाली कारकून बदलला, वरची वहीची पद्धत तीच राहिली. नव्या यंत्राचा एक संच जुन्याच्या चार संचांच्या तोलाचा होता.

तिथून त्यांनी धडा घेतला असावा, कारण 1994 च्या 'परम 9000' ची रचनाच अशी केली की पुढे येणारा कुठलाही नवा प्रोसेसर सहज बसवता यावा. त्या एका घराण्यात सुपरस्पार्क बसला, अल्ट्रास्पार्क बसला, अल्फाही बसला. 1998 चा 'परम 10000' तर सरळ सर्व्हरच जोडून केलेला होता, एकेका सर्व्हरमध्ये दोन-दोन प्रोसेसर. मग 2003 साली 'परम पद्म', त्यात आयबीएमचे 248 प्रोसेसर. याचा कमाल वेग सेकंदाला एक लाख कोटी आकडेमोडींच्या किंचित वर. आमच्या जुन्या अंकलिपीत एकावर बारा शून्यं म्हणजे महापद्म. लहानपणी अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म घोकताना वाटायचं, एवढं मोजायला जगात आहे तरी काय! 2008 चा 'परम युवा' आणि 2013 चा 'युवा-2' हे पुन्हा इंटेलच्या प्रोसेसरांवर. युवा-2 अवघ्या तीन महिन्यांत, सोळा कोटींत उभा राहिला आणि वीज आधीच्यापेक्षा 35 टक्के कमी खाऊ लागला.

मोजून पाहा. ट्रान्सप्युटर, आय-860, स्पार्क, अल्फा, पॉवर, झिऑन. एवढे कारकून आले नि गेले. परम मात्र परमच राहिला. यातला एकही प्रोसेसर भारतात बनलेला नव्हता, आणि हे काही जण टोमण्यासारखं सांगतात. मला त्यात कमीपणा वाटत नाही. नाही म्हणणाऱ्यांच्या बाजारातून जे सुटे मिळालं ते आणून, ते एकमेकांशी कसं बोलेल याची अक्कल मात्र इथली होती. काळाची गंमत अशी की 2018 मध्ये पुण्याच्या पाषाणला, उष्णदेशीय हवामान संस्थेत पावसाच्या अंदाजासाठी 'प्रत्यूष' बसला, तो क्रे कंपनीचाच. जे एकेकाळी आडवलं गेलं, ते पुढे रीतसर विकत मिळालं. 26 सप्टेंबर 2024 ला तिथं त्याहून मोठा 'अर्क' आला, आणि त्याच दिवशी नारायणगावजवळच्या खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीसाठी 'परम रुद्र' सुरू झाला. रुद्रचे सर्व्हर सी-डॅकनं स्वतः रचलेले आहेत. मंठ्याच्या शेतकऱ्याला मोबाइलवर दिसणारा पावसाचा ढग या यंत्रांतून निघतो. तो दर वेळी बरसतोच असं नाही, ते वेगळं.

तर आता मंठ्याची ती रात्र. शनिवारी दिवसअखेर करून हिशेबाच्या दोन प्रती काढल्या. एक संस्थेच्या तिजोरीत, दुसरी अध्यक्षांच्या घरी स्टीलच्या डब्यात. भाचा आठ वाजता आला. त्यानं आधी पेटी उघडली नाही. आधी त्यानं यंत्राचा बायोस नवा करायला घेतला. बायोस म्हणजे यंत्र जागं होताना स्वतःशी म्हणतं तो पहिला पाठ. जुन्या पाठात नव्या प्रोसेसरचं नावच नसेल तर यंत्र त्याला ओळखत नाही, पडदा काळाच राहतो. हे काम जुना प्रोसेसर जागेवर असतानाच करावं लागतं. आणि हे चालू असताना वीज गेली तर यंत्र तो पाठ अर्धवट विसरतं आणि मग मुळीच उठत नाही.

साडेआठला लाइट गेली.

यूपीएस टीं टीं करू लागला. पडद्यावर रेघ अर्ध्याच्या थोडी पुढे होती. व्यवस्थापक म्हणाले, बंद कर. भाचा म्हणाला, "साहेब, आता बंद केलं तरच मेलं." मग कुणी बोललं नाही. यूपीएसची बॅटरी किती जुनी आहे हे डेडस्टॉक रजिस्टर सांभाळणारा म्हणून मला पक्कं माहीत होतं आणि ते मी त्या वेळी कुणाला सांगितलं नाही. चार-पाच मिनिटं असतील. रेघ शेवटाला पोचली, यंत्र एकदा विझलं आणि पुन्हा उठलं. भाच्यानं कपाळ पुसलं.

पुढचं काम हातांचं. "मामू, टॉर्च थोडा इधर पकडो," असं म्हणत त्यानं मनगटाला वायरचा पट्टा बांधून तो पेटीच्या लोखंडाला जोडला, अंगातल्या विजेचा झटका भागांना बसू नये म्हणून. प्रोसेसरवर उष्णता ओढून घेणारा ॲल्युमिनियमच्या पात्यांचा ठोकळा असतो. त्याचे स्क्रू आमनेसामने थोडे थोडे सैल करायचे, जीपच्या चाकाचे नट जसे काढतात तसे. ठोकळा सरळ वर ओढायचा नाही, आधी हलकेच पिळायचा. मधला लेप वाळून घट्ट झालेला असतो, ओढला तर प्रोसेसरही उपटून येतो. तो लेप त्यानं स्पिरिटनं पुसला. मग बाजूची कळ उचलली आणि जुना प्रोसेसर दोन बोटांत कडेनं धरून बाहेर काढला.

खालची बैठक मी टॉर्चच्या उजेडात पाहिली. केसाएवढ्या बारीक सोनेरी पिना, ओळीनं वाकलेल्या, उभ्या पिकावरून वारा गेल्यासारख्या. भाच्यानं सांगितलं, एकूण 2011. बैठकीचं नावच तेवढ्यावरून पडलं आहे. त्यातली एक जरी वाकली तरी बैठक गेली, आणि बैठक गेली तर बोर्ड गेला. नव्या प्रोसेसरच्या एका कोपऱ्यावर बारीक त्रिकोण असतो, बैठकीवरही असतो. त्रिकोणावर त्रिकोण ठेवून तो नुसता सोडायचा. दाबायचा नाही. स्वतःच्या वजनानं तो जिथं बसतो तिथं बसतो. नंतर कळ लावली, नवा लेप मध्यावर तुरीच्या दाण्याएवढा ठेवला, ठोकळा चढवला. शेजारी दुसऱ्या प्रोसेसरची रिकामी बैठक होती, तिच्यावरचं प्लास्टिकचं झाकण त्यानं तसंच राहू दिलं. तिथं धूळ गेली तर तीही पिनांवरच बसते.

बटण दाबल्यावर पंखे एवढ्या जोरात घोंगावले की बाहेर झोपलेलं कुत्रं उठलं. पडदा काळा. एक मिनिट, दोन मिनिटं, तीन. सर्व्हर उठायला वेळ घेतो, सगळी स्मृती तपासून घेतो, हे मला नंतर कळलं. त्या वेळी माझ्या डोळ्यांसमोर फक्त त्या मावशी होत्या. मग पंखे शांत झाले आणि अक्षरं उमटली. रविवारी दिवसभर आम्ही जुन्या छापील याद्यांशी खातं न् खातं ताडून पाहिलं. पैशाचाही फरक नव्हता. सोमवारचा दिवसअखेर अठरा मिनिटांत झाला. मावशी मंगळवारी आल्या, पैसे काढले, मोजले आणि गेल्या.

आता एक माझं गाऱ्हाणं. प्रोसेसर बदलून आमचा एक आकडा हरवला नाही, पण माझ्या कविता हरवल्या. 2003-04 च्या सुमारास मी साठेक कविता संगणकावर टाइप करून घेतल्या होत्या, त्या काळच्या एका मराठी फॉन्टमध्ये. यंत्र बदललं, तो फॉन्ट राहिला नाही आणि फाइल उघडली तर कंसांची नि टिंबांची रांगोळी. डिस्क शाबूत, अक्षरांचा प्रत्येक अंश शाबूत, फक्त तो वाचायचा कसा हे सांगणारा करार नाहीसा झालेला. अशा कराराची गरज सी-डॅकच्या पुण्यातल्याच लोकांनी ओळखली होती. भारतीय लिप्यांसाठी त्यांनी जिस्ट हे तंत्र पुढे आणलं, इस्की ही सर्वांसाठी एक संकेतावली होती, आणि युनिकोडमधली देवनागरी 1988 च्या त्या इस्कीवरच बेतलेली आहे. पण छापखान्यांत आणि डीटीपीवाल्यांकडे ज्याचा त्याचा फॉन्ट चालत राहिला. माझ्यासारखे कितीतरी तालुक्याचे कवी त्या रांगोळीत अडकले असतील. चाळीसेक कविता मी वहीवरून पुन्हा उतरवल्या, युनिकोडमध्ये. उरलेल्यांच्या वह्या मिळत नाहीत. भाचा म्हणतो, फॉन्ट उलटवणारे प्रोग्रॅम मिळतात, बघू. आठ दिवसांनी फोन करतो म्हणाला आहे.

काढलेल्या प्रोसेसरचं काय केलं, हे सांगायचं राहिलं. नियमाप्रमाणे संस्थेची वस्तू आहे, डेडस्टॉकला नोंद हवी. मी लिहिलं, 'प्रोसेसर, जुना, चालू स्थितीत, नग 1', आणि तो कापसात गुंडाळून एका डबीत ठेवला. लेखापरीक्षक आले तेव्हा त्यांनी डबी मागितली, उघडली, तळहातावर ठेवून पाहिली. "एवढ्यातच सगळा हिशेब व्हायचा?" म्हणाले. मी म्हटलं, पाच वर्षांचा. त्यांनी नोंदीसमोर हिरव्या शाईची टिचकी मारली आणि खुर्च्या किती ते विचारलं.